कडक पाट्यांची गाडी अंगाला सुसह्य कशी करावी

पाठीचे दुखणे असलेली माझी आई एकदा माझ्या जिप्सीतून वेल्ह्याहून पुण्याला येत होती. नसरापूर येईपर्यंत तिला दोनदा उतरून उभे राहावे लागले आणि चेलाडी फाट्यावर महामार्गाला लागल्यानंतरही तिने समोरच्या दांड्यावरचा हात सोडला नाही. पुढच्याच आठवड्यात एका गॅरेजच्या सल्ल्याने मी मागच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगमधले, म्हणजे एकमेकांवर रचलेल्या पोलादी पट्ट्यांमधले, दोन-दोन पाटे काढून टाकले. पंधरा दिवस गाडी मऊ वाटली. मग ती मागून बसली, चार माणसे असली की प्रत्येक गतिरोधकावर ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) बंपस्टॉपवर, म्हणजे त्याच्या वरच्या रबरी ठोकळ्यावर, आदळू लागला आणि जोरात ब्रेक लावला की मागचा भाग थरथरू लागला. पाटे परत बसवण्यासाठी दुसऱ्या एका कारागिराकडून संपूर्ण संच सुटा करून घेतला, तेव्हा मूळ दोष पाट्यांच्या संख्येत नव्हताच हे कळले. पाट्यांमध्ये गंजाचे थर बसले होते, एक शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारा झुलता दुवा) जागच्या जागी धरला होता आणि टायरमध्ये हवेपेक्षा माझी सवय जास्त भरलेली होती, म्हणजे गरजेपेक्षा दहा पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) अधिक. या तीन गोष्टी दुरुस्त केल्यावर, सगळे पाटे जागेवर ठेवून, आई त्याच रस्त्याने न थांबता घरी आली.

त्या अनुभवावरून आणि नंतर मित्रांच्या जुन्या थार, बोलेरो व जिम्नीवर केलेल्या कामावरून माझे मत पक्के झाले आहे की कडक गाडी सुसह्य करायची असेल, तर स्प्रिंगला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी हवा, मग घर्षण, मग बुश (सांध्यांतली रबरी अस्तरे), मग शॉक ॲब्सॉर्बर (गाडीचे झोके थांबवणारी तेलाची नळी, थोडक्यात शॉक) आणि एवढे करूनही उरले तर स्प्रिंग, हा क्रम पाळावा. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो हे खरेच, पण त्यामागचे मुख्य कारण वेगळे आहे. आधीचा दोष शिल्लक असताना पुढचा भाग बदलला, तर त्या बदलाने काय झाले हे कळतच नाही.

गाडी कडक म्हणजे नेमके काय

स्प्रिंगवरचे वजन तिला किती मिलिमीटर दाबते, यावर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल हे ठरते. 15.8 या आकड्याला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागले की हर्ट्झमधला अंदाज मिळतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग 250 मिलिमीटर दबत असेल तर उत्तर 1 हर्ट्झ येते, आणि ही आरामशीर मोटारीची चाल झाली. 100 मिलिमीटरला ते साधारण 1.6 आणि 40 मिलिमीटरला 2.5 येते. ओझ्यासाठी बनवलेल्या गाडीच्या मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचे वजन फारच थोडे असते, म्हणून ती रिकामी असताना उसळते. त्याच पाट्यांवर दुप्पट वजन आले की 40 चे 80 मिलिमीटर होतात आणि चाल 1.8 हर्ट्झच्या आसपास उतरते. गावाकडून तांदळाची पोती घेऊन येताना हीच गाडी शहाण्यासारखी का चालते, याचे उत्तर एवढेच आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाट्यांची स्प्रिंग वाकताना तिचे पाटे एकमेकांवर घसरावे लागतात. गंजाने ते चिकटले, तर लहान खड्ड्याचा धक्का त्यांना घसरवण्याइतका मोठा नसतो. स्प्रिंग तेवढ्या वेळापुरती लोखंडी ठोकळा होते आणि संपूर्ण गाडी केवळ टायरच्या रबरावर नाचते. हे नाचणे साधारण 3 ते 5 हर्ट्झचे असते, आणि बसलेल्या माणसाच्या शरीराला, विशेषतः पाठीला व पोटाला, 4 ते 8 हर्ट्झची उभी कंपने सर्वांत जास्त जाणवतात. याचा अर्थ असा की अंगाला सर्वांत जास्त त्रास देणारा हादरा अनेकदा कडक स्प्रिंगचा नसून न हलणाऱ्या स्प्रिंगचा असतो. पाटे कमी करून हा दोष जात नाही. उरलेले पाटेही तितकेच चिकटलेले असतात.

काही करण्याआधी मोजून ठेवावे

एक ठरावीक रस्ता निवडावा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच वेगाने, तितक्याच माणसांसह त्यावरून जावे. मी पिरंगुट ते पौड हा पट्टा वापरतो, कारण त्यात बरा डांबरी रस्ता, ठिगळे आणि गतिरोधक असे सगळे थोड्या अंतरात मिळते. मोबाइलमध्ये फायफॉक्स हे मोफत ॲप घेऊन त्यात गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण मोजण्याचा पर्याय निवडावा आणि मोबाइल सीटच्या रुळाशेजारी तळाला चिकटपट्टीने घट्ट बसवावा. सीटवर किंवा डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल फोमची व प्लास्टिकची कंपने मोजतो. कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांत या कामासाठी मोठी यंत्रे आहेत. आपल्याला तितकी अचूकता नको, केवळ कालच्यापेक्षा आज कमी की जास्त हे कळले तरी पुरते.

आकड्यांइतकेच महत्त्व शरीराला काय जाणवले याच्या नोंदीला द्यावे आणि त्रासाचा प्रकार लिहून ठेवावा. सपाट दिसणाऱ्या रस्त्यावरही सतत बारीक थरथर होत असेल, तर संशय टायर, हवा आणि घर्षणावर घ्यावा. मोठ्या खड्ड्यात एकच बोथट दणका बसून तो मणक्यात चढत असेल, तर बंपस्टॉप किंवा शॉकच्या टोकांचे रबर तपासावे. खड्डा संपल्यावरही गाडी दोन-तीन वेळा झोके घेत असेल, तर शॉक थकलेला आहे. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की डोके काचेकडे फेकले जात असेल, तर तो रुंद कडक ॲक्सलचा आणि गाडीला कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारचा परिणाम असतो आणि तो पूर्ण जाणार नाही हे आधीच समजून घ्यावे.

याशिवाय वाळूच्या गोण्यांची एक परीक्षा आहे आणि ती मी प्रत्येकाला करायला लावतो. प्रत्येकी 40 ते 50 किलोच्या दोन-तीन गोण्या मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवून दोराने घट्ट बांधाव्यात आणि ठरलेल्या रस्त्यावरून जाऊन यावे. एकूण वजन, माणसे धरून, गाडीच्या कागदावरच्या मर्यादेत असावे. गोण्यांनी गाडी स्पष्टपणे सुधारली, तर आपल्या नेहमीच्या वजनासाठी स्प्रिंग खरोखरच कडक आहे. बारीक थरथर तशीच राहिली, तर दोष इतरत्र आहे आणि स्प्रिंगवर पैसे घालणे थांबवावे. ही परीक्षा संध्याकाळच्या एका तासात होते आणि बऱ्याच जणांची नवीन स्प्रिंगची खरेदी तिथेच थांबते.

हवा आणि टायर

दाबाचा योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असताना, स्वतःच्या दाबमापकाने सकाळी हवा पाहावी. तापमान 5-6 अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे 1 पीएसआय वाढतो, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी कात्रजच्या घाटातून आल्यावर घेतलेले माप निरुपयोगी असते. दाब वाढला की टायरचा उभा ताठपणा जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग आहे आणि चिकटलेल्या पाट्यांच्या गाडीत तर ती एकमेव स्प्रिंग असते. मी वर्षानुवर्षे सवयीने 36 भरून घेत होतो. सांगितलेल्या आकड्यावर आल्याच दिवशी फरक जाणवला आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही. त्या आकड्याच्या खाली मात्र डांबरी रस्त्यावर जाऊ नये. टायर तापतो आणि वळणावर गाडी सैल होते.

कच्च्या वाटेवरची गोष्ट निराळी आहे. ताम्हिणीच्या बाजूच्या किंवा गडांच्या पायथ्याच्या दगडी वाटांवर दाब 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवला तर टायर दगडाला कवेत घेतो आणि हादरे निम्म्यावर आल्यासारखे वाटतात. वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत ठेवावा, अचानक वळवू नये आणि डांबरावर येण्याआधी बारा व्होल्टच्या लहान कंप्रेसरने हवा पूर्ववत करावी. टायर ट्यूबचे असतील तर इतका दाब उतरवू नये, कारण टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो.

टायर निवडताना बाजूच्या भिंतीकडे पाहावे. लाइट ट्रक वर्गाच्या, जास्त प्लायच्या (थरांच्या) टायरची भिंत जाड व ताठ असते. टोकदार दगडांवर ती उपयोगी पडते, पण रोज कर्वे रस्त्याने कचेरीत जाणाऱ्याला ती केवळ त्रास देते. मोठे मड टायर वजनालाही जड असतात आणि स्प्रिंगच्या खालचे वजन जितके वाढते, तितके चाक खड्ड्यावर उशिरा सावरते. टायरच्या भिंतीवरच्या चार आकड्यांवरून, उदाहरणार्थ 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, त्याचे वयही पाहावे. नक्षी शिल्लक असली तरी म्हातारे रबर कडक झालेले असते.

पाट्यांची सफाई

जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत. 2010 ते 2020 या काळातल्या थारच्या सीआरडीई प्रकाराला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) व मागे पाटे आहेत आणि बोलेरोला मागे पाटे आहेत. या सगळ्यांना हे काम लागू पडते आणि माझ्या मते संपूर्ण लेखातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे. पुण्याच्या पावसात मुळशी-वेल्ह्याकडे फिरणाऱ्या गाडीच्या पाट्यांमध्ये लाल चिखल शिरतो, उन्हाळ्यात तो वाळतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचा गंजाशी मिळून दगड होतो.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, पुढच्या चाकांना उटी लावावी आणि मागचा भाग उचलून चॅसीखाली लोखंडी स्टँड, म्हणजे गॅरेजमधली घोडी, द्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. ॲक्सलला वेगळा जॅक द्यावा, शॉक खालून सोडावा, मग यू-बोल्ट (संच ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट), शॅकल आणि पुढचा पिन काढून पाट्यांचा संच बाहेर घ्यावा. ब्रेकच्या पाइपवर ॲक्सलचा ताण येत नाही ना, हे आधी पाहावे. संच सुटा करताना, पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत शिकंजे लावावेत आणि बोल्ट काढल्यावर ते सावकाश सैल करावेत. वाकलेले पाटे एकदम सुटले तर हाड मोडेल इतका जोर त्यांच्यात असतो. उजवा आणि डावा संच एकमेकांत मिसळू नये म्हणून खडूने खुणा कराव्यात.

प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासून स्वच्छ करावा आणि चांगल्या उजेडात तडे शोधावेत, विशेषतः सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि मुख्य पाट्याच्या डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या वळवलेल्या कडीपाशी. तडा सापडला तर तो पाटा बदलावा. वेल्डिंग करून चालवू नये, कारण उष्णतेने त्या ठिकाणचे स्प्रिंगचे पाणी उतरते. लहान पाट्यांची टोके वरच्या पाट्यात रुतून तिथे खाच पाडतात, म्हणून टोकांच्या धारदार कडा कानशीने किंवा ग्राइंडरने हलकेच गोल कराव्यात. धातू निळा पडेपर्यंत तापवू नये आणि पाट्याच्या मधल्या भागाला ग्राइंडर लावूच नये.

यानंतर पाट्यांच्या टोकांपाशी, जिथे प्रत्यक्ष घासणे होते तिथे, 2 ते 3 मिलिमीटर जाडीची चिवट पॉलिथिनची पट्टी बसवता येते. औद्योगिक प्लास्टिकच्या दुकानात ती यूएचएमडब्ल्यू या नावाने मिळते. पट्टी सरकू नये म्हणून तिला मधोमध एक गुंडी ठेवून पाट्यातल्या भोकात अडकवतात. भोक आधीपासून नसेल तर नवीन पाडू नये, कारण तडा तिथूनच सुरू होतो. पट्टी बसवायची नसेल तर कोरडा ग्रॅफाइटयुक्त लेप लावावा. जाड ग्रीस मला पसंत नाही. काही दिवस गाडी छान चालते, मग त्या ग्रीसमध्ये धूळ बसून तिची घासणारी पेस्ट होते, आणि जुने इंजिन ऑइल तर शेजारच्या रबरी बुशांना फुगवून खराब करते.

संच जोडताना यू-बोल्ट नवे घ्यावेत. नाना पेठेत ते गाडीच्या मापाने मिळतात. ताणून बसलेले जुने बोल्ट पुन्हा त्याच घट्टपणाने धरतील याची खात्री नसते. पाटे बाजूला सरकू नयेत म्हणून असलेल्या क्लिपा शेवटी दाबताना त्या पाट्यांना आवळून धरणार नाहीत इतकी मोकळीक ठेवावी. एवढी मेहनत करून क्लिपा आवळल्या, तर सगळे घर्षण परत येते.

सफाईनंतर गाडी मऊ होईल, पण कदाचित जास्त झोके घेऊ लागेल. घाबरू नये. आजवर गंज शॉकचे काम करत होता आणि थकलेल्या शॉकचा दोष झाकत होता.

शॅकल आणि बुश

पाटा दबला की लांब होतो आणि ती वाढलेली लांबी शॅकलने झुलून सामावून घ्यायची असते. शॅकल गंजून धरला असेल किंवा त्याच्या दोन पट्ट्या बोल्टने बुशावर गरजेपेक्षा जास्त आवळल्या असतील, तर पाटा दोन्ही टोकांना बांधल्यासारखा होतो. गाडी जमिनीवर उभी असताना शॅकल चॅसीला टेकलेला किंवा पूर्ण आडवा झालेला नसावा. गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल बसवण्याची पद्धत आहे, पण पुढच्या ॲक्सलला त्याने कॅस्टर कोन (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलतो आणि महामार्गावर स्टिअरिंग भरकटते. आरामासाठी त्याचा काही उपयोग नाही.

रबरी बुशांचे बोल्ट कधी आवळायचे, ही या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट असावी. ज्या बुशांत रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते, ते बुश फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी घोडीवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच प्रत्येक बुश पिळून बसतो, स्वतःच एक अनावश्यक स्प्रिंग होतो आणि लवकर फाटतो. म्हणून सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उभी करावी, दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि मगच ठरलेल्या जोराने आवळावेत. कॉइल (वेटोळ्यांच्या) स्प्रिंगच्या थार, जिम्नी वा गुरखा यांच्या मागच्या आर्मना तर हे हमखास लागू पडते. नुकतेच बुश बदलून आणलेली गाडी आधीपेक्षा कडक झाल्याची तक्रार असेल, तर सर्व बोल्ट सैल करून जमिनीवर पुन्हा आवळून पाहावेत. पॉलियुरेथेनचे रंगीत बुश टिकाऊ असतात, पण कंपने थेट चॅसीत पोचवतात. ज्याला आराम हवा आहे त्याने रबरच घ्यावे. चॅसी आणि बॉडी यांच्यामध्येही रबरी गादे असतात. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत ते दबून चपटे झालेले असतात आणि ते बदलल्यावर खडखडाटाबरोबर तळाचा बारीक हादराही कमी होतो.

शॉक ॲब्सॉर्बर

गाडीचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा हलक्या मोटारीला ठीक आहे. कडक पाट्यांच्या गाडीला माणसाच्या वजनाने स्प्रिंग पुरेशी दबतच नाही, त्यामुळे मेलेला शॉकही उत्तीर्ण होतो. त्याऐवजी खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबावे आणि चारही शॉकच्या नळ्यांना हाताच्या मागच्या बाजूने बेताने स्पर्श करावा, एक्झॉस्टपासून हात दूर ठेवून. काम करणारा शॉक हादऱ्यातली ऊर्जा तेलात जिरवतो म्हणून गरम होतो. एकाच ॲक्सलवरचा एक शॉक गरम आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही. तेलाचा ओघळ दिसला तर वेगळ्या परीक्षेची गरज नाही. शॉक नेहमी जोडीने बदलावेत.

नवे घेताना दणकट, जड कामाचे असे सांगून विकले जाणारे शॉक आरामासाठी घेऊ नयेत. दबताना जास्त अडवणारा शॉक खड्ड्याची प्रत्येक कड थेट चॅसीला पोचवतो. चाक परत खाली येताना जास्त अडवणारा शॉक वेगळाच त्रास देतो. पेव्हर ब्लॉकच्या उखडलेल्या रस्त्यावर एकामागून एक हादरे येतात आणि चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढचा दगड लागतो, त्यामुळे गाडी हळूहळू खाली बसत जाते व शेवटी बंपस्टॉपवर चालू लागते. जास्त दाबाच्या नायट्रोजन वायूचे एकनळी शॉक घाटात लवकर थकत नाहीत, पण वायूच्या दाबाने त्यांचा दांडा सतत बाहेर ढकलला जातो. 14 मिलिमीटरच्या दांड्यावर 20 बार दाब असेल, तर हा जोर सुमारे 30 किलो भरतो. हलक्या रिकाम्या गाडीला तो जाणवतो. रोजच्या वापराला साधे दोननळी, तेलाचे किंवा कमी दाबाच्या वायूचे शॉक मला अधिक योग्य वाटतात. कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉक घेतले असतील, तर सर्वांत मऊ खुणेपासून सुरुवात करावी आणि झोके थांबतील तिथेच थांबावे.

कॉइल आणि टॉर्शन बारच्या गाड्या

जुन्या थारच्या टॉर्शन बारचा बोल्ट सैल केला की गाडी मऊ होते, हा समज चुकीचा आहे. त्या बोल्टने फक्त उंची बदलते, बारचा ताठपणा तोच राहतो. गाडी जास्त उचललेली असेल तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात ते खालचा प्रवास रोखणाऱ्या अडथळ्यावर खटकन आदळते. तो दणका मात्र उंची मूळ मापावर आणल्याने जातो.

कॉइल स्प्रिंग कापण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग उलट कडक होते, शिवाय तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही. वेटोळ्यांमध्ये बसवायचे रबरी किंवा सिलिकॉनचे बफर आराम वाढवतात असे सांगून विकले जातात, पण तेही काही वेटोळी बंद करून स्प्रिंग कडकच करतात. ओझ्याने बसणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग आहे, आपल्या कामाला नाही.

2020 नंतरच्या थारला आणि जिम्नीला चारही बाजूंना कॉइल आहेत, तरी मागे अखंड ॲक्सल आहे आणि व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) लहान आहे. तीन दारांच्या थारचा 2450 मिलिमीटर, जिम्नीचा 2590, तर पाच दारांच्या थार रॉक्सचा 2850. व्हीलबेस जितका लहान, तितके पुढे-मागे डुलणे जास्त. पुढची चाल मागच्यापेक्षा थोडी संथ ठेवली तर गाडी डुलण्याऐवजी सपाट वर-खाली होते, हे मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930 च्या दशकात दाखवून दिले. म्हणून केवळ मागची स्प्रिंग फार मऊ करण्याची चूक करू नये. मागच्या प्रवाशाला दिलासा मिळेल आणि सगळी गाडी नावेसारखी झुलू लागेल.

बंपस्टॉप, सीट आणि चालवण्याची रीत

रिकामी गाडी उभी असताना ॲक्सल आणि बंपस्टॉप यांच्यातले अंतर मोजून लिहून ठेवावे. जुना बंपस्टॉप तडकून दगडासारखा झालेला असतो आणि सर्वांत वाईट दणका त्याचाच असतो. लांबट, निमुळता, बारीक छिद्रांच्या फोमसारख्या पॉलियुरेथेनचा बंपस्टॉप आधीपासून हळूहळू अडवू लागतो. शंभर किलोची टपावरची जाळी किंवा पोलादी बंपर लावलेला असेल, तर हे अंतर त्यानेच खाल्लेले असते. पाठदुखीच्या माणसाला दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, म्हणजे पुढच्या सीटवर बसवावे. मागच्या चाकांवरच्या किंवा त्यामागच्या आडव्या बाकावर त्याच गाडीत कितीतरी जास्त हादरे बसतात. सीटचा फोम दबून गेला असेल तर तो भरून घ्यावा, पण फार मऊ फोमही तळाला टेकतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच आहे आणि तो ताशी 25 किलोमीटरला सुखाने ओलांडता येतो. सोसायटीच्या दारातले अरुंद रबरी उंचवटे तसे नसतात. दोन्हींवर एक रीत चालते. ब्रेक आधी लावून वेग कमी करावा आणि चाक उंचवट्याला लागण्याच्या क्षणी ब्रेक सोडलेला असावा. ब्रेक दाबलेला असताना गाडी पुढे झुकते, पुढच्या स्प्रिंगचा प्रवास आधीच संपतो आणि उरलेला हादरा अंगावर येतो.

एवढे करूनही स्प्रिंग बदलायची असेल तर

वाळूच्या गोण्यांनी दोष स्प्रिंगकडे दाखवला असेल आणि बाकी सगळे झाले असेल, तरच हे पाऊल उचलावे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांतला एक काढला तर ताठपणा साधारण एक पंचमांशाने कमी होतो आणि उरलेल्या चारांवरचा ताण पाव पटीने वाढतो. म्हणून काढायचाच असेल तर दोन्ही बाजूंचा एकेकच काढावा, मुख्य आणि त्याखालचा दुसरा पाटा कधीही काढू नये, सेंटर बोल्ट नव्या जाडीच्या मापाचा घ्यावा आणि बंपस्टॉपचे अंतर पुन्हा मोजावे. त्यानंतर ती गाडी पूर्ण ओझ्यासाठी वापरू नये. दोन किंवा तीन पॅराबोलिक (टोकांकडे पातळ होत जाणाऱ्या) पाट्यांचा संच हा याहून चांगला, पण खर्चाचा मार्ग आहे. त्यात पाटे फक्त मध्यभागी आणि टोकांना टेकतात, घर्षण जवळपास उरत नाही आणि म्हणूनच त्याबरोबर योग्य शॉक घेणे अनिवार्य असते.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. सफाई, बुश, मूळ मापाचे शॉक आणि टायरचा योग्य दाब या देखभालीच्या गोष्टी आहेत. उंची किंवा स्प्रिंगची रचना बदलण्याआधी मात्र संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

पाट्यांचे काम केल्यानंतर 100 किलोमीटरला आणि पुन्हा 500 किलोमीटरला, गाडी चाकांवर उभी असताना, यू-बोल्ट ठरलेल्या जोराने तपासावेत. नव्या रंगाचे आणि पट्ट्यांचे थर बसले की ते हमखास सैल होतात, आणि सैल यू-बोल्टखाली सर्वांत आधी सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल जागचा सरकतो.